काट्याचं मीटर की स्क्रीनचं? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या नव्या चालकांसाठी

भाचीने लायसन्स काढलं आणि गाडी बघायला आम्ही दोघं शोरूमला गेलो. सेल्समनने एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून दाखवल्या. खालच्या व्हेरियंटला दोन गोल डायल, मध्ये छोटी पट्टी. वरच्या व्हेरियंटला स्टेअरिंगमागे सरळ लांबलचक स्क्रीन. भाची दोन्हींत बसून आली आणि म्हणाली, "मामा, ह्यातलं कुठलं घेऊ ओ? स्क्रीन झकास दिसतीय, पण काट्याकडं बघायची सवय झालीय."

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशिनशॉप चालवतो. हा प्रश्न आमच्याकडे रोज लेथवर सुटतो. फोर-जॉ चकमध्ये, म्हणजे चार जबड्यांच्या पकडीत, जॉब (घडवायचा तुकडा) बांधला की तो मधोमध आहे का हे बघायला आम्ही डायल लावतो. चक हाताने फिरवायचा आणि काटा किती डुलतो ते बघायचं. त्या वेळी आकडा कोणी वाचत नाही. काटा जिथे जास्त चढतो त्या बाजूचा जॉ आवळायचा, समोरचा सैल करायचा, डुलणं थांबलं की काम झालं. जॉब तयार झाल्यावर माप घ्यायला मात्र डिजिटल व्हर्निअर काढतो, कारण तिथे 24.98 आहे की 25.02, एवढंच कळायला हवं असतं. काटा हालचाल दाखवतो, आकडा माप सांगतो. गाडीच्या मीटरमध्ये दोन्ही कामं असतात, आणि कुठलं काम कुठे लागतं हे कळलं की निवड सोपी होते. तिला मी टप्प्याटप्प्याने जे शिकवलं ते इथे लिहितो.

आधी मीटरच्या मागे काय आहे ते समजून घ्या

जुन्या जीप, ट्रॅक्स, अँबॅसडर ज्यांनी चालवल्या त्यांना मीटरची केबल आठवत असेल. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक फिरणारी तार यायची. तारेच्या टोकाला लोहचुंबक, त्याच्यावर ॲल्युमिनियमची वाटी, वाटीला काटा आणि काट्याला बारीक स्प्रिंग. चुंबक वाटीला कुठेच टेकत नाही. तो फिरला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. वेग वाढला की ओढ वाढते, स्प्रिंग तिला धरून ठेवते, आणि त्या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो तुमचा वेग. ओटो शुल्झ नावाच्या जर्मन माणसाने 1902 साली याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत होत्या. केबल कोरडी पडली की काटा थरथरायचा, तुटली की वेग शून्य आणि किलोमीटरही बंद.

आजच्या गाडीत ही केबल नाही. चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, गाडीतला कॉम्प्युटर ते मोजतो आणि मीटरला सांगतो. काट्याचं मीटर असेल तर मागची छोटी स्टेपर मोटर काटा फिरवते, स्क्रीन असेल तर आकडा किंवा काट्याचं चित्र उमटतं. म्हणून "काट्याचं मीटर खरं, स्क्रीनचं खोटं" किंवा त्याच्या उलट कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. माहिती दोघांना एकाच ठिकाणाहून येते. फरक पडतो तो तुमच्या डोळ्यांना.

शोरूममध्ये साधारण तीन प्रकार दिसतील. एक, दोन काटे आणि मधल्या जागेत लहान स्क्रीन. दुसरा, जुन्या कॅल्क्युलेटरसारखे पट्ट्यांचे आकडे. मोटरसायकलींवर आणि काही छोट्या गाड्यांत हे असतं. तिसरा, पूर्ण रंगीत स्क्रीन, साधारण सात इंचांपासून दहा-बारा इंचांपर्यंत. या तिसऱ्यात बहुतेक वेळा दोन-तीन चेहरे बदलता येतात: एकात मोठा आकडा, एकात काटे काढलेले, एकात नकाशा.

पहिला धडा: इंजिन चालू न करता

गाडी घरी आली की पहिल्या दिवशी हे करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला टाका आणि चावी फक्त ऑनपर्यंत फिरवा. पुश बटणवाली गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबा. पहिल्या दाबाला नुसता स्टिरिओ लागला तर अजून एकदा दाबा. मीटरमध्ये सगळे दिवे एकदम लागतील. ते बिघाडाचे नाहीत, गाडी स्वतःचे दिवे तपासून बघतेय. काही सेकंदांत एकेक विझतील, काही इंजिन चालू झाल्यावर विझतील. हे आठवडाभर रोज बघा. कुठला दिवा कधी विझतो हे एकदा डोळ्यांत बसलं की न विझलेला लगेच दिसतो.

रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे. पिवळा म्हणजे गॅरेजला दाखवा, आज नाही तर या एक-दोन दिवसांत. लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा.

लालमधले तीन पाठ करा. तेलाच्या किटलीचं चित्र, ज्याच्या तोंडातून थेंब पडतोय, तो इंजिन ऑइलच्या प्रेशरचा दिवा. चालत्या गाडीत तो लागला तर "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. प्रेशरशिवाय इंजिन फिरत राहिलं तर बेअरिंग धरायला वेळ लागत नाही, आणि मग खर्च लाखात जाऊ शकतो. दुसरा बॅटरीचा. तो बॅटरीपेक्षा अल्टरनेटरबद्दल, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राबद्दल, जास्त बोलतो: चार्जिंग होत नाहीये. दिवसा थोडं अंतर जाता येईल, पण काही गाड्यांत अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावरच पाण्याचा पंपही असतो. पट्टा तुटला असेल तर इंजिन तापणार, म्हणून बॉनेट उघडून बघा. तिसरा थर्मामीटर पाण्यात बुडाल्यासारखा, तापमानाचा. त्याच्याबद्दल घाटाच्या भागात सविस्तर.

पिवळ्यांमध्ये इंजिनाच्या चित्राचा दिवा सगळ्यांना घाबरवतो. तो स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजला न्या. लुकलुकत असेल तर मिसफायर होतंय, म्हणजे इंजिनात इंधन नीट पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, शक्य असेल तर थांबा. डिझेल गाडीत स्प्रिंगसारखं पिवळं चित्र दिसतं. खानापूर, कणकुंबीकडच्या थंड पहाटे ते विझेपर्यंत स्टार्टर मारू नका.

1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस 6 नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर आला. त्याचा दिवा लागला की बरेच जण गाडीत खोट निघाली म्हणतात. गाडी रोज वडगावातून मार्केटला आणि मार्केटमधून घरी एवढीच चालत असेल तर फिल्टर तापत नाही आणि काजळी साठते. दिवा नुसता पिवळा असेल तर हायवेला लागा, संकेश्वरच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने, जरा जास्त आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) चालवा. बहुतेक वेळा विझतो. दुर्लक्ष केलंत तर गॅरेजमध्येच साफ करावा लागतो.

आपल्या भागात या चित्रांचं मला विशेष मोल वाटतं. रस्त्यावरची पाटी कन्नडमध्ये, घरात मराठी, गॅरेजमधला मिस्त्री दख्खनीत बोलणार आणि गाडीबरोबरचं पुस्तक इंग्रजीत. मीटरवरची चित्रं मात्र ठरवून सगळीकडे सारखी ठेवलेली आहेत. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण ती शेजारी बसली की "अरे, सीटच्या पट्ट्याचा दिवा लागलाय" हे मला सांगते.

स्क्रीनच्या मीटरमध्ये चित्रासोबत इंग्रजी वाक्यही येतं, आणि ते ओके दाबल्यावर निघून जातं. माझ्या भावाने हायवेवर असंच एक वाक्य न वाचता घालवलं. गॅरेजला गेल्यावर काय लिहिलं होतं ते त्याला सांगता येईना, आणि मिस्त्रीला सगळी गाडी चाळावी लागली. स्क्रीनवर काही आलं की गाडी थांबवून आधी फोटो काढा, मग ओके दाबा. फोटो मिस्त्रीला व्हॉट्सॲप केला तर गाडी चालवत आणायची की उचलून न्यायची हेही तिथल्या तिथे कळतं.

दुसरा धडा: वेग

भाचीला स्क्रीनच्या गाडीवर शिकवताना टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटकडे जाताना एक गोष्ट झाली. तिला म्हटलं, चाळीसवर धर. स्क्रीनवर मोठा पांढरा आकडा: 39, 41, 40, 42, 40. ती आकड्याच्या मागे लागली. दर क्षणाला आकडा बदलतोय आणि तिचा पाय त्याच्याबरोबर वरखाली. डोळे सगळे खाली. समोर दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल गल्लीतून बाहेर आली ती तिला दिसलीच नाही, माझ्या ओरडण्याने ब्रेक लागला.

दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन काट्याचा चेहरा लावला आणि तिला एवढंच सांगितलं, काटा घड्याळातल्या दहाच्या जागेच्या आसपास असू दे, नेमका आकडा बघू नकोस. पंधरा मिनिटांत पाय स्थिर झाला. काट्याची जागा नजरेच्या कडेनेही कळते. आकडा वाचावा लागतो, त्यासाठी डोळा तिथे न्यावाच लागतो. ताशी 90 ला गाडी एका सेकंदात 25 मीटर जाते. आकडा वाचायला एक सेकंद गेला तर शाळेच्या फाटकापासून झेब्रा क्रॉसिंगपर्यंतचं अंतर तुम्ही न बघता पार केलेलं असतं.

म्हणून नवीन चालकाला माझा सल्ला स्पष्ट आहे: शिकताना काटा. खरा असो की स्क्रीनवरचा, पहिले तीन-चार महिने काटाच ठेवा.

आकड्याचं काम हायवेवर. पुणे-बंगळूर रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी आली, पुढे कॅमेरा किंवा पोलिसांची वेग मोजणारी इंटरसेप्टर गाडी असू शकते, तिथे 80 म्हणजे 80 आणि 86 नाही, हे आकडाच सांगतो. छोट्या डायलवर सगळे आकडे दाटीने लिहिलेले असतात, 80 आणि 90 मधलं अंतर नखाएवढं. ज्यांची चाळिशी लागली आहे त्यांना स्क्रीनवरचा मोठा आकडा चष्म्याशिवायही दिसतो, हा फायदा मला स्वतःला दर आठवड्याला जाणवतो.

आता एक गोष्ट जी दोन्ही मीटरांना लागू आहे. मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतं, आणि ते मुद्दाम. संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या वाहन-नियमात असं आहे की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलंच तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक 4, इथपर्यंतच. म्हणजे गाडी खरोखर 100 ने चालली असेल तर मीटर 114 पर्यंत काहीही दाखवू शकतं, 99 मात्र नाही. तुमच्या गाडीचा फरक तुम्हीच काढा. हलग्याच्या पुढे सरळ रस्ता मिळाला की शेजारच्याला मोबाईलवर जीपीएसचा वेग लावायला सांगा, मीटरवर 80 धरा आणि मोबाईलवर किती येतं ते त्याला वाचायला सांगा. तुम्ही बघायचं नाही. 75-77 असं काही दिसलं तर सगळं ठीक आहे.

मोठे टायर बसवून घेणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. मीटर चाकाचे फेरे मोजतं. टायरचा घेर वाढला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, पण मीटरला ते माहीत नसतं. कंपनीने ठेवलेला तो राखीव फरक त्यात संपतो, आणि मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागू शकतं. किलोमीटरही कमी मोजले जातात.

1 जुलै 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना 80 च्या पुढे अधूनमधून आणि 120 च्या पुढे सतत बीप वाजवणं सक्तीचं आहे. काही जण गॅरेजवाल्याकडून तो बंद करून घेतात. करू नका. स्क्रीन असो की काटा, खाली न बघता वेग कळवणारी बहुतेक गाड्यांत ती एकच सोय आहे.

तिसरा धडा: घाट

आपल्याकडचा माणूस गाडी घेतो ती नुसती खडेबाजारात फिरवायला नाही. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, रामनगरवरून अनमोड, सावंतवाडीला जायचं तर आंबोली, कोल्हापूरला जायचं तर निपाणीच्या आधी तवंदी. मीटर निवडताना मी हाच भाग सगळ्यात वर ठेवतो.

मे महिन्यात गोव्याहून चोर्ल्याने वर येत होतो. जुनी गाडी, साधं काट्याचं मीटर, घरचे पाच जण, एसी चालू. पुढे लाकडाचा ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढण. तापमानाचा काटा या गाडीत कायम बरोबर मध्यावर बसलेला असायचा, कित्येक वर्षं तो तिथून हललेला मी बघितला नव्हता. त्या दिवशी तो मध्यापासून एका रेघेने वर होता. दिवा नाही, आवाज नाही, वास नाही. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण वेगावर टाकला, काचा खाली केल्या. पुढच्या वळणावर रुंद जागा आली तिथे गाडी घेतली. हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो, त्यामुळे तो एक छोटा रेडिएटरच झाला. काटा हळूहळू खाली आला. इंजिन थंड झाल्यावर, म्हणजे पाऊण तासाने, टोपण उघडून बघितलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) बराच कमी होता. गरम असताना टोपण उघडलं असतं तर वाफेने हात भाजला असता.

आता खरी गोम. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. साधारण 90 अंशांच्या अलीकडे-पलीकडे तापमान फिरत असलं तरी काटा हलत नाही, मालकाने उगाच घाबरू नये म्हणून. त्यामुळे तो मध्यावरून हलला याचा अर्थ गोष्ट आधीच बरीच पुढे गेली आहे. "अजून लालला पोचला नाही" असं म्हणत थांबू नका, हलला तेव्हाच थांबा.

आणि कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नाही, पट्ट्याही नाहीत. फक्त थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल. त्या लाल दिव्याआधी तुम्हाला काहीच कळत नाही. मोठी रंगीत स्क्रीन असलेल्या गाडीतही कधीकधी असंच असतं: गाण्याचं नाव दिसतं, होकायंत्र दिसतं, तापमान दिसत नाही. शोरूममध्ये हे विचाराच. सेल्समनला सांगा, "इंजिनाचं तापमान कुठे दिसतं ते दाखवा." एखाद्या मेन्यूत तीन पायऱ्या आत असेल तर घाटात ते तुमच्या कामाचं नाही. गोव्याला महिन्यातून एकदा तरी जाणाऱ्याने तापमान सतत समोर दिसणारं साधं मीटर घ्यावं, स्क्रीनचा आकार नंतर बघावा, असं माझं ठाम मत आहे.

आरपीएमचा काटाही घाटातच उपयोगी पडतो. चढणीला डिझेल गाडी 1500 च्या खाली रडत असेल तर गिअर खाली टाका. उतरणीला दुसऱ्या गिअरवर इंजिनानेच गाडी धरा, ब्रेकवर सगळा भार टाकू नका. तेव्हा काटा 3000 च्या आसपास चढलेला दिसेल, आवाज मोठा येईल, नवीन माणूस घाबरतो. घाबरू नका, लाल पट्टा पेट्रोल गाडीत साधारण 6000 च्या पुढे आणि डिझेलमध्ये 4500-5000 च्या आसपास सुरू होतो. काटा लालपासून किती लांब आहे हे एका नजरेत दिसतं. 3120 हा नुसता आकडा बघून ते कळायला सवय लागते.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. टाकीत तरंगणारा एक गोळा असतो, त्यामुळे चढ-उतारावर काटा खोटं दाखवतो. सपाटीला आल्यावर बघा. स्क्रीनवर "अजून इतके किलोमीटर जाईल" असं येतं ते मागच्या काही किलोमीटरच्या ॲव्हरेजवर काढलेलं असतं. हायवेवरून येऊन घाट चढायला लागलात की 120 चं बघता बघता 70 होतं. तो आकडा घाटात शिरण्याआधीच अर्धा धरा. पंपाच्या चित्राशेजारी बहुतेक गाड्यांत छोटा बाण असतो, टाकीचं झाकण त्याच बाजूला.

ॲव्हरेज काढायला स्क्रीनवर विसंबू नका. टाकी फुल करा, मीटरवरचा ट्रिप ए हा किलोमीटरचा आकडा शून्य करा, पुन्हा त्याच पंपावर फुल करा, किलोमीटरला लिटरने भागा. कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे, चोर्ल्याच्या वर आणि खाली राज्य बदलतं आणि पेट्रोलचा दर वेगळा असतो, त्यामुळे आपल्याकडे माणसं हिशेबाने इंधन भरतात. तो हिशेब खऱ्या ॲव्हरेजवर करा.

चौथा धडा: रात्र, धुकं आणि ऊन

हे एवढं तरी नक्की वाचा. जुन्या गाडीत अंधार पडला की मीटर दिसेनासं व्हायचं, मग माणूस आपोआप लाइट लावायचा. स्क्रीनचं मीटर, आणि आतून उजेड असलेलं नव्या पद्धतीचं काट्याचं मीटरही, चोवीस तास उजळलेलं असतं. पुढे डीआरएलच्या, म्हणजे दिवसाही आपोआप लागणाऱ्या दिव्यांच्या, पांढऱ्या पट्ट्या लागलेल्या असतात, शहरात रस्त्यावरचे दिवे असतात. चालकाला वाटतं लाइट चालू आहेत. मागचे लाल दिवे मात्र बंद. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे धुक्यात अशी करडी गाडी माझ्यासमोर अचानक उभी राहिली होती. तिचा चालक काही बेफिकीर नव्हता. त्याच्यासमोर सगळं झगमगत होतं, म्हणून त्याला कळलंच नाही. मीटरमध्ये हिरवं लाइटचं चिन्ह दिसतंय का, ते बघायची सवय लावा. ऑटो लाइट असतील तरी धुक्यात हाताने लावा, कारण दिवसा धुक्यात उजेड भरपूर असतो आणि सेन्सरला अंधार वाटत नाही.

रात्री मीटरचा उजेड कमी करा. काट्याच्या मीटरला बहुतेक गाड्यांत एखादी छोटी चकती किंवा बटण असतं, स्क्रीनला सेटिंग. ऊस चालू झाला की निपाणी-चिकोडी भागात, खानापूरकडेही, रात्री दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात. समोर पांढरीशुभ्र स्क्रीन झळकत असेल तर डोळ्यांना अंधारातला तो उसाचा ढीग दिसायला उशीर होतो. काळी पार्श्वभूमी निवडा, उजेड वाचता येईल इतकाच ठेवा.

उन्हाचं वेगळं. सकाळी सुळगा-उचगावच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेला निघालात तर सूर्य पाठीमागून काचेतून थेट मीटरवर येतो आणि काही स्क्रीनवर नुसता तुमचा शर्ट दिसतो. टेस्ट ड्राइव्ह म्हणूनच सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतर मागा, आणि गाडी दोन्ही दिशांना चालवा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोच घालून बसा. काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात, मान कलवली की पुन्हा दिसायला लागतात. काट्याच्या छापील डायलला हा त्रास नाही.

पाचवा धडा: दुरुस्ती आणि जुनी गाडी

काट्याच्या मीटरमध्ये एखादी मोटर गेली, एखादा बल्ब गेला तर मीटरचं काम करणारा चांगला कारागीर तेवढंच बदलून देतो. स्क्रीन गेली तर बहुतेक ठिकाणी पूर्ण मीटरच बदलायला सांगतात, आणि नव्या मीटरला गाडीशी जुळवून घ्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. म्हणून स्क्रीनच्या गाडीला वाढीव वॉरंटी घ्यावी असं मी सांगतो. वायर कापून बाहेरचा हॉर्न, बाहेरचे दिवे जोडू नका. पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस उभी राहिली की उंदीर वायरी कुरतडतात. मीटरमध्ये एकदम चार-पाच दिवे लागले तर सेन्सर बदलण्याआधी बॉनेटखाली वायरी बघायला लावा.

जुनी गाडी घेताना, मग ती केए 22 असो, एमएच 09 असो की गोव्याची, मीटरवरच्या किलोमीटरवर एकट्यावर विश्वास नको. जुने फिरत्या चाकांचे आकडे हाताने मागे घेता यायचे. डिजिटल आकडेही यंत्र लावून बदलतात. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे लावून बघा. क्लच पॅडलचं रबर गुळगुळीत, स्टेअरिंगची कातडी चकचकीत आणि मीटरवर 22,000 असेल तर उठा.

मग चावी ऑन करा, इंजिन नाही. एअरबॅगचा आणि इंजिनाचा दिवा लागलाच पाहिजे, आणि नंतर एअरबॅगचा थोड्या वेळाने, इंजिनाचा इंजिन चालू केल्यावर विझलाच पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो दिवाच काढला आहे किंवा दुसऱ्या दिव्याला जोडला आहे. स्क्रीन असेल तर तिच्यावर पांढरं चित्र आणून रेघा, काळे ठिपके बघा. गाडी उन्हात अर्धा तास उभी करून परत बघा. सगळं पटलं तर मीटरचा फोटो काढा, विक्रीच्या कागदावर त्या दिवसाचे किलोमीटर अंकात आणि अक्षरात लिहून घ्या, आणि खाली विकणाऱ्याची सही घ्या.